पाच मिलिग्रॅम, व्हाया चंदीगड

तुमसर तालुक्यात तीन गोष्टी निघतात. शेतातून धान, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून पांढरी पावडर. धानाला बाजार समितीत काटा आहे. मँगनीजच्या ट्रकला धर्मकाटा आहे. पांढऱ्या पावडरीला मात्र वजन करून घ्यायला चंदीगडला जावं लागतं.

वजन म्हणजे ग्रॅममधलं नव्हे. तेवढा तराजू आमच्याकडेही आहे, काचेच्या पेटीतला, आणि पंखा बंद केला तर तो बरोबरही दाखवतो. इथं प्रश्न एका रेणूच्या वजनाचा आहे. आपण जो पदार्थ बनवला म्हणून छाती फुगवतो, तोच बनला की भलताच, हे त्याच्या रेणूचं वजन सांगतं. ते मोजणाऱ्या यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. पदार्थाची वाफ किंवा बारीक फवारा करायचा, रेणूंवर विद्युतभार चढवायचा आणि निर्वात पोकळीतून त्यांना पळवायचं. हलके आणि जड वेगळे होतात, शेवटी आलेखावर शिखरं उमटतात. कल्पना एवढीच. तिची साधी आवृत्ती अर्ध्या कोटीच्या घरात जाते, आणि जरा बारकाईनं मोजणारी हवी असेल तर दोन-तीन कोटींच्या.

होळीच्या आसपास एका संशोधक पोरीची अशी एक कुपी चंदीगडला निघताना मी तिथंच उभा होतो. पेराएवढी कुपी, तळाशी पाच मिलिग्रॅम पावडर. मिठाची चिमूटही याहून जास्त भरेल. झाकणाभोवती पॅराफिल्मचे वेढे, वर नाव-नंबरची चिठ्ठी, मग बबल रॅप, मग कोणाच्या तरी मोबाइलचा रिकामा डबा. कुरिअरच्या काउंटरवरच्या भाऊनं डबा कानाशी धरून हलवून पाहिला.

"यात काय हाये जी?"

"कंपाउंड."

"म्हंजे?"

"पावडर."

"कशी पावडर?"

"पांढरी."

भाऊचा हात शिक्क्यावरच थांबला. मग पोरीनं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र काढलं : सोबतचा नमुना स्फोटक नाही, ज्वालाग्राही नाही, विषारी नाही, मादक नाही. भाऊनं ते दोनदा वाचलं. शेवटच्या शब्दावर तो थोडा हिरमुसला असावा.

काही आठवड्यांनी मेलवर पीडीएफ आली. जिथं शिखर हवं होतं तिथं सपाट रेघ, आणि ३९१ वर एक भलं मोठं शिखर. जाणकारांनी बघताक्षणी सांगितलं, हे थॅलेट. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात ते रसायन. झाकणातून, नळीतून, द्रावकाच्या कॅनमधून, कुठूनही नमुन्यात उतरतं. म्हणजे आमच्या पावडरीनं हजाराहून जास्त किलोमीटर प्रवास करून सिद्ध काय केलं, तर प्लास्टिकच्या कॅनमध्ये प्लास्टिक असतं. यंत्र व्हरांड्याच्या टोकाला असतं तर पोरीला हे जेवणाच्या सुटीआधी कळलं असतं, आणि दुपारी तिनं प्रयोग पुन्हा लावला असता.

चंदीगडला दोष नाही, उलट त्यांना दंडवत. पंजाब विद्यापीठातलं 'सैफ' हे केंद्र, तसंच लखनौ, मद्रास, पवई इथली केंद्रं केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं वर्षानुवर्षं देशभरच्या कुप्या तपासत आली आहेत. लहान गावांतल्या रसायनशास्त्राच्या प्रबंधांचं आभाराचं पान उघडा. आईवडील, मार्गदर्शक, आणि लगेच 'सैफ, चंदीगड' यांचे आभार असतात. कित्येक प्रबंधांत ते आभार नवऱ्याच्या वर आहेत, आणि ते बरोबरच आहे.

पण ३९१ चं शिखर दिसलं की शिक्षकांच्या खोलीत ठराव होतो : आता आपल्याकडेच मशीन पाहिजे. मी या ठरावाच्या बाजूचा आहे. खटकतं ते यानंतर जे होतं ते.

आधी प्रस्ताव. मी पाहिलेल्या प्रस्तावांत यंत्र का हवं यावर पानंच्या पानं असतात : राष्ट्रीय गरज, जागतिक दर्जा, आदिवासी आणि ग्रामीण विद्यार्थी, आत्मनिर्भरता. किमतीवर एक पान असतं. ते चालवणार कोण यावर एक ओळ असते : 'विभागातील शिक्षक'. म्हणजे जे आठवड्याचे तास घेतात, पेपर तपासतात, मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली भरतात आणि निवडणुकीत बूथवर बसतात, तेच रात्री व्हॅक्यूम पंपाचं तेलही बदलणार.

मग कर. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना शास्त्रीय उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत मिळाली होती. १८ जुलै २०२२ पासून ती गेली आणि दर झाला १८ टक्के. दोन कोटींच्या यंत्रावर १० लाखांचे ३६ लाख. या खिशातून अनुदान द्यायचं, त्या खिशात कर घालायचा. मधल्या २६ लाखांत एका चांगल्या ऑपरेटरचा कित्येक वर्षांचा पगार निघाला असता, पण तसा हिशेब मांडायला प्रस्तावात जागा नसते.

मग निविदा. मे २०२० मध्ये केंद्रानं ठरवलं की २०० कोटींच्या खालच्या खरेदीला जागतिक निविदा काढायची नाही. हेतू स्वदेशीचा, आणि स्वदेशीला माझा नमस्कार आहे. फक्त बाजारात मास स्पेक्ट्रोमीटर विकणाऱ्या मोठ्या कंपन्या अमेरिका, जपान आणि जर्मनीच्या आहेत. देशात हे यंत्र बनतच नाही असं मात्र नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं युरेनियमचे समस्थानिक मोजायला स्वतःची मास स्पेक्ट्रोमीटर बनवली आणि अणुऊर्जा खात्याला पुरवली. अणुभट्टीच्या कामाचं यंत्र बाहेरून मिळेल याची खात्री नसते, म्हणून बनवावं लागलं. आमच्या पावडरीसाठी ते नाही.

तर परदेशी वस्तू हवी, पण परदेशात विचारायचं नाही, अशी परीक्षा देशभरच्या प्रयोगशाळांनी पाच वर्षं दिली. जून २०२५ मध्ये केंद्रानं नियम सैल केले. संचालक आणि कुलगुरूंना जागतिक निविदेचे अधिकार दिले, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली. संशोधकांनी सुटकेचा श्वास टाकला. ही सवलत केंद्राच्या संस्थांची. राज्यातल्या विद्यापीठांच्या टेबलावर राज्याची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहेच.

निविदा समितीत एक शब्द वेदवाक्यासारखा चालतो : एल-वन. सर्वांत कमी भाव भरणारा. किमान तीन भाव आलेच पाहिजेत. तीन येतात, तिन्हींचा फॉन्ट एक असतो, तरी समिती समाधानी असते. एकच आला तर मात्र 'प्रतिसाद अपुरा', फेरनिविदा. इथं मला आमच्या मँगनीजची काळजी वाटते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये क्लोरीन घातला तर ३५ आणि ३७ अशी दोन शिखरं येतात, तीनास एक या प्रमाणात, एम.एस्सी.च्या पोरांना ती जोडी लांबून ओळखू येते. कथिलाचे तर दहा स्थिर समस्थानिक, मोठा गोतावळाच. आणि चिखल्याचं असो की डोंगरीचं, निसर्गातलं मँगनीज फक्त एक शिखर दाखवतं : ५५. दुसरा प्रकारच नाही. आमच्या समितीनं त्याला सिंगल बिड म्हणून परत पाठवलं असतं.

एवढ्यातून यंत्र येतं. कधी येतं, तर मार्चमध्ये. ३१ तारखेच्या आत बिल निघायला हवं, उपयोगिता प्रमाणपत्र जायला हवं. प्रमाणपत्रावर 'उपयोग झाला' लिहिलेलं असतं तेव्हा यंत्राच्या लाकडी पेटीचे खिळेही निघालेले नसतात. मग खोली रंगवली जाते, दाराशी ग्रॅनाइटची पाटी बसते, पाटीवर पाहुण्यांची नावं उतरत्या क्रमानं कोरली जातात. नारळ फुटतो. पेढे वाटले जातात. स्थानिक बातमीत 'अत्याधुनिक' हा शब्द दोनदा येतो.

आता यंत्राची बाजू ऐका. त्याच्या पोटात हवेच्या दाबाच्या साधारण एक अब्जांश एवढाच दाब चालतो. तो टिकवायला जो टर्बो पंप असतो त्याचं पातं मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फिरतं. वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, की व्हॅक्यूम गेला. परत नीट भरायला कधी रात्र, कधी पूर्ण दिवस. फवाऱ्याच्या पद्धतीत तासन् तास शुद्ध नायट्रोजन लागतो. द्रावक साधा चालत नाही, एलसी-एमएस ग्रेडचाच लागतो. खोलीचं तापमान पंचविशीच्या आत हवं. तुमसरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि त्याच आठवड्यात वादळ येऊन तारा लोळवतं. वॉरंटी संपली की देखभालीचा करार लागतो, वर्षाला किमतीच्या पाच ते दहा टक्के. दोन कोटींच्या यंत्राला दहा ते वीस लाख, दर वर्षी, न चुकता. ज्या विभागाला ब्युरेट फुटली तर नवी घ्यायला तीन सह्या लागतात, त्यानं हे कुठून द्यायचं? यंत्र घ्यायला योजना आहे, जगवायला लेखाशीर्ष नाही.

मग ते झाकलं जातं. झाकायला मापाचं कव्हर शिवतात, चांगलं, रेक्झिनचं. नॅकची समिती आली की कव्हर निघतं आणि समिती गेली की चढतं. राज्यभर अशी झाकलेली यंत्रं किती, हे मोजायची एक योजना काढावी अशी माझी सूचना आहे. त्या योजनेला मात्र ऑपरेटर लागणार नाही.

हे सगळं माणसाशी येऊन थांबतं, आणि या यंत्राचा इतिहासही तेच सांगतो. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या २० च्या रेघेशेजारी २२ ची एक भुरकट रेघ पाहिली. तिथून पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला, आणि १९२२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं. हे पुस्तकात आहे. पुस्तकात ठळक नसतं ते असं की थॉमसन साहेबांचा हात यंत्रकामात अगदीच धसमुसळा होता. त्यांची उपकरणं घडवायचा, काच फुंकायचा आणि चालवायचा तो त्यांचा सहायक एबेनेझर एव्हरेट. साहेब यंत्राजवळ आले की सहायकांचा जीव वरखाली व्हायचा म्हणतात. आमच्याकडे साहेब आहेत. एव्हरेटचं पद रिक्त आहे, आणि किती वर्षं रिक्त आहे हे विचारलं तर ज्यांना विचारावं ते लिपिकाचं पदही रिक्त निघतं.

दुसरा माणूस जपानचा. कोइची तनाका, क्योतोच्या शिमाद्झू कंपनीतला इंजिनिअर, नुसता पदवीधर. त्यानं कोबाल्टच्या बारीक पुडीत चुकून ग्लिसरीन ओतलं. पूड महाग, फेकायची कशाला, म्हणून तीच यंत्रात घातली. प्रथिनाएवढ्या अगडबंब रेणूंचं वजन करायची वाट तिथून उघडली, आणि २००२ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. हा माणूस आमच्याकडे अर्ज करता तर छाननीतच गळाला असता. नेट नाही, सेट नाही, पीएचडी नाही. शिवाय साहित्य वाया घालवल्याबद्दल खुलासा मागितला असता तो वेगळाच.

त्याच्या जोडीला नोबेल मिळालं ते जॉन फेन यांना, फवाऱ्याच्या पद्धतीसाठी. ते तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते आणि निवृत्तीच्या वयानंतरही प्रयोगशाळेत काम करत राहिले होते. आमच्याकडे निवृत्तीनंतर प्रयोगशाळेची किल्ली आधी जमा करावी लागते, पेन्शनची फाइल त्यानंतर हलते.

कोणी विचारेल, तुमसरला हे हवंच कशाला? हवं. एक तर कर्ज आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ मध्ये उभी राहिली ती कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या १९३० च्या मृत्युपत्रातल्या सुमारे ३५ लाखांवर. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला त्यांनी ते नागपूर विद्यापीठाला ठेवले होते. १९३० मधले ३५ लाख! विदर्भातल्या रसायनशास्त्राची एक मोठी इमारत अशी खाणीच्या पैशावर उभी आहे. खणणाऱ्या तालुक्यांच्या पोरांनी आता परत काही मागितलं तर ती भीक ठरत नाही. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या कारखान्यांना जातं. त्याच खाणीशेजारच्या गावची पोरगी परमँगनेटचं टायट्रेशन करून पुढे संशोधनाला येते, आणि तिची कुपी मोबाइलच्या डब्यात बसून चंदीगडला जाते.

दुसरं कारण भाताचं. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोर महाग का, तर वासामुळे. सुगंधी तांदळाच्या वासामागे मुख्यतः एक रेणू असतो, २-असेटिल-१-पायरोलिन. तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ओळखला, तो गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरनंच, म्हणजे जीसी-एमएसनं. मानांकनाचा शिक्का मारलेल्या पोत्यात खरा चिन्नोर किती आणि भेसळ किती, एवढं सांगायला डीएनएबरोबर हे मोजमापही कामाचं. सध्या ते काम व्यापाऱ्याचं नाक करतं. मूठभर तांदूळ तळहातावर घासून हुंगायचा आणि भाव बोलायचा. तालुक्यातला चालू स्थितीतला एकमेव स्पेक्ट्रोमीटर तोच, आणि त्याला देखभालीचा करार लागत नाही. फक्त त्याचा निकाल नेहमी खरेदीदाराच्या बाजूनं लागतो.

मग काय करावं? माझं मत विचाराल तर दोन-तीन कोटींचं यंत्र तुमसरात आणू नये. रागावू नका. ते विद्यापीठात असावं, नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा या चार जिल्ह्यांसाठी एक, आणि ते चोवीस तास धापा टाकत असावं. देवहाडीच्या तुमसर रोड स्टेशनवरून नागपूर दीड-दोन तासांवर आहे; सकाळी निघालेली कुपी संध्याकाळी तपासून व्हायला हरकत काय? नागपुरात यंत्रं नाहीत असं कोणी म्हणत नाही. ती बाहेरच्या पोरांना ठरल्या दिवशी, ठरल्या दरात मिळत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम नावाचं संकेतस्थळ निघालं, देशातली सरकारी पैशाची यंत्रं सर्वांना दिसावीत आणि वापरता यावीत म्हणून. दिसतात. वापरायची म्हटलं की फोन लावावा लागतो, आणि फोन वाजत राहतो.

तुमसरला आणायचं तर छोटं, साधं जीसी-एमएस आणावं. भातासाठी, पाण्यासाठी, एम.एस्सी.च्या पोरांचे हात बसावेत म्हणून. पण आणण्याआधी पद मंजूर करून घ्यावं. एक ऑपरेटर, कायम, यंत्राच्या कंपनीकडे शिकायला पाठवलेला. आणि खरेदीच्या रकमेतच दहा वर्षांची देखभाल धरावी. तेवढ्यानं यंत्र एक दर्जा खाली उतरलं तर उतरू द्यावं. चालणारं साधं यंत्र झाकलेल्या भारीपेक्षा तालुक्याच्या कामाचं आहे.

तर यंदा प्रस्ताव लिहायला बसलेल्या सर-मॅडमना विनंती : पहिल्या पानावर, यंत्राच्या नावाच्या वर, ऑपरेटरचं पद लिहा. प्रस्ताव त्यामुळे नामंजूर झाला तर होऊ द्या, कारण लेखी मागा. आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांनाही एक विनंती आहे. फीत कापण्याआधी विचारा, "हे चालवतं कोण जी?" उत्तर द्यायला माणूस पुढे आला नाही, तर कात्री ताटात परत ठेवा आणि चहा घेऊन निघा.